अनुकूली प्रकाशिकी म्हणजे नक्की काय?

विट्याच्या एका ताईंनी विचारलंय की मुलाच्या विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर ॲक्टिव्ह ऑप्टिक्सला सक्रिय प्रकाशिकी आणि ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्सला अनुकूली प्रकाशिकी लिहिलं तर चालेल का, की दोन्ही एकच?

ताई, एकच नाहीत. दोन्ही मोठ्या दुर्बिणींच्या आरशांच्याच युक्त्या, पण सक्रियवालं काम संथ असतं. दुर्बीण फिरवली की मोठा आरसा स्वतःच्याच वजनानं वाकतो, चिलीतल्या व्हीएलटी या दुर्बिणीचा 8.2 मीटरचा आरसा तर जेमतेम 17.5 सेंटिमीटर जाड आहे, म्हणून त्याला मागनं 150 आधार दिलेत, ते थोडं थोडं रेटून आकार जाग्यावर ठेवतात. आपल्याकडं नैनितालजवळ देवस्थळच्या 3.6 मीटरच्या दुर्बिणीलाही ही सोय आहे.

दुसरं, म्हणजे अनुकूलीवालं, प्रकरण हवेचं. उन्हाळ्यात मिरजेच्या रस्त्यावर तापलेल्या डांबरापलीकडची गाडी हलताना दिसते बघा, तसाच ताऱ्याचा प्रकाश कमीजास्त तापलेल्या हवेतनं येताना विस्कटतो, आणि मग आरसा 10 मीटरचा का असेना, चित्र 10-20 सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकंच रेखीव येतं (उजेड जास्त गोळा होतो हा भाग वेगळा). यावर इलाज म्हणजे एक छोटा लवचीक आरसा. प्रकाश कुठं किती बिघडला ते सेन्सर मोजतो आणि हा आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून तो बिघाड निस्तरतो. मोजायला जवळपास ठळक तारा नसला तर लेझर सोडून 90 किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात पिवळा-केशरी नकली तारा पेटवतात! होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञानी ही लवचीक आरशाची कल्पना 1953 लाच मांडली होती, पण कॉम्प्युटर तेवढे चपळ व्हायला काही दशकं गेली.

आता शब्द. अनुकूली चूक नाही, शाळेत उंटाचं अनुकूलन आपण शिकलोच की. पण तासगावच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, अनुकूल हवामान म्हणजे चांगलं हवामान, आणि ही यंत्रणा तर हवा त्रास देते म्हणूनच लावावी लागते, त्यामुळं तक्ता वाचणारा हमखास उलटं समजणार. सक्रियचं तर विचारूच नका, दोन्ही आरसे सक्रियच आहेत. मी सरळ 'आकार सांभाळणारा आरसा' आणि 'हवेची थरथर काढणारा आरसा' असं लिहीन, खाली बारीक अक्षरात ॲक्टिव्ह आणि ॲडाप्टिव्ह. परीक्षेत मात्र पुस्तकातलाच शब्द लिहायला सांगा, उगाच मार्क कशाला घालवायचे.