शिकवण तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे

"उपदेशकांचं म्हणणं मला पटत नाही. पण न पटणं हाच माझा अविश्वास असेल तर?" माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न वारंवार येतो, आणि विचारणारी माणसं बहुतेक वेळा मनापासून प्रार्थना करणारी असतात. म्हणूनच तो त्यांना इतका छळतो. अशाच एका आईची हकिकत तिच्या परवानगीने इथे सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिच्या मुलाला लहानपणापासून फिट येतात. औषधांनी त्या बऱ्यापैकी आटोक्यात होत्या. मधल्या काळात ती मोबाईलवर एका उपदेशकांचे संदेश रोज ऐकू लागली. त्यांचं सांगणं असं की गोळी घेणारा देवावर पुरता भरवसा टाकत नाही, आणि घरात आजार टिकून राहतो तो कुणाच्या तरी अविश्वासामुळे. त्यावर उपाय म्हणून 'विश्वासाचं बीज' या नावाने खास दान पाठवायचं. तिने नवऱ्याला न सांगता दान पाठवलं आणि मुलाची रात्रीची गोळी बंद केली. काही दिवसांतच मुलाला वर्गात मोठी फिट आली. तिने त्या उपदेशकांना कळवलं, तर उत्तर आलं, "देताना तुमच्या मनात शंका होती."

माझ्यासमोर ती बसली तेव्हा मुलाच्या आजारापेक्षा तिला स्वतःच्या मनाचीच जास्त धास्ती होती. रात्री जाग आली की 'आत्ता शंका आली का?' असं ती स्वतःला विचारत राहायची.

पहिलं बोलणं औषधाचं झालं. फिटचं औषध एकाएकी थांबवलं तर फिट जोराने परत येतात, लागोपाठ येतात, जिवावर बेतू शकतं. ते पुन्हा सुरू करतानाही डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. तिने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. शास्त्राची, म्हणजे बायबलची, चर्चा त्यानंतर. तरी जाता जाता एवढं तिला सांगितलंच की बायबलमधला प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्रफिम या दुसऱ्या सहकाऱ्याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे जातो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं पौल कुठेही लिहीत नाही.

पुढच्या भेटीत ती आपली वही घेऊन आली. संदेश ऐकताना टिपलेली वचनं, लाल शाईने अधोरेखित केलेली. पहिल्याच पानावर यिर्मया 29:11 होतं, देवाचे संकल्प 'हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' हे. संदेशात त्याचा अर्थ 'तुमचं संकट याच वर्षी संपणार' असा लावला होता. मी तिला शास्त्र उघडून तो अध्याय सुरुवातीपासून मोठ्याने वाचायला सांगितला.

ते एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या बंदिवानांना यिर्मया या संदेष्ट्याने पाठवलेलं. त्यात आधी काय येतं? घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. म्हणजे लवकर सुटका नाही. आठव्या वचनात तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका असा सरळ इशारा आहे. दहाव्यात बाबेलच्या सत्तर वर्षांचा उल्लेख येतो, आणि मग कुठे तिचं ते लाडकं अकरावं वचन. ती थबकली. आठवं पुन्हा वाचलं. "हे एवढ्या जवळ होतं?" असं म्हणाली.

मग आम्ही एक अध्याय मागे गेलो. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत सांगतो की बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया त्याला लगेच खोटं ठरवत नाही. आधी म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. हनन्या सांगत होता ते खरं व्हावं असं यिर्मयालाही मनातून वाटत होतं. आपला मुलगा बरा व्हावा असं या आईला वाटणं हेही तसंच निर्मळ होतं, आणि त्या ओढीबद्दल तिला लाज वाटायचं काहीच कारण नव्हतं. पण ओढ कितीही खरी असली तरी तेवढ्याने आश्वासन खरं ठरत नाही.

वहीत मार्क 9:23 सुद्धा होतं, 'विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे.' हे वचन तिला सगळ्यात जास्त टोचत होतं, कारण तो प्रसंग फिट येणाऱ्या मुलाच्या बापाचाच आहे. तिने फक्त तेवढंच वचन टिपलं होतं. पुढच्याच वचनात तो बाप ओरडून म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." येशू त्याला माघारी पाठवत नाही, आधी शंका काढून टाक असंही सांगत नाही. मुलाला बरं करतो. ते वाचताना ती बराच वेळ रडली, आणि मी मध्ये काही बोलले नाही.

फिट म्हणजे भूतबाधाच, असंही तिच्या कानावर घातलं गेलं होतं. मत्तय 4:24 मध्ये भूतग्रस्त आणि फेफरं येणारे यांची नावं वेगवेगळी घेतली आहेत, हे तिला दाखवलं.

तरी एक भीती उरलीच. 'अभिषिक्तांना', म्हणजे देवाने निवडलेल्यांना, 'हात लावू नका' हे वचन तिला वारंवार ऐकवलं गेलं होतं, म्हणजे उपदेशकांना प्रश्न विचारायचाच नाही. ते स्तोत्र 105 मधलं आहे. तिथे देव राजांना बजावतो आहे, अब्राहाम, इसहाक, याकोब यांना त्रास देऊ नका म्हणून. शिकवण तपासण्याशी त्याचा संबंध नाही. उलट अंत्युखिया शहरात येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याचं वागणं चुकलं तेव्हा पौलाने त्याला तोंडावर विरोध केला, हे गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पेत्राला जाब विचारता येतो तर आजच्या कुणालाही विचारता येतो. बिरुया गावातले लोक खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहत होते, आणि 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यासाठी त्यांना मोठ्या मनाचं म्हटलं आहे.

वचनांचा संदर्भ पाहणं एवढ्यावर मी सहसा थांबत नाही. 'त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल' हे येशूचं वचन घरातही लावून पाहावं लागतं. मी तिला विचारलं, ही शिकवण घरात आल्यापासून काय वाढलं? ती म्हणाली, धास्ती, लपवाछपवी, आणि नवऱ्याबद्दल राग. 'त्याचाच विश्वास कमी आहे' असं तिला वाटू लागलं होतं. दानाबद्दल पौल करिंथकरांना लिहितो की दुःखी मनाने किंवा देणं भाग पडतं म्हणून देऊ नये. तिचं दान दोन्ही प्रकारचं होतं.

फिट आली की मुलाला कुशीवर वळवायचं, वेळ पाहायची, तो शुद्धीवर येईपर्यंत हात धरून बसायचं, मग कपडे बदलायचे. हे ती वर्षानुवर्षं करत आली होती आणि याला ती विश्वास म्हणत नव्हती. विश्वास म्हणजे उपवास आणि मोठ्याने केलेली प्रार्थना, असं तिच्या मनात बसलेलं. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे असं सांगणारा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तिने त्या आठवड्यात घरी वाचला आणि परत आल्यावर स्वतःहून म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं रिकामी नव्हते."

नवऱ्याला दानाचं सांगणं तिला सर्वांत जड गेलं. तो चिडला, काही दिवस अबोला राहिला, मग दोघं मिळून माझ्याकडे आले. तिने त्या उपदेशकांना अध्याय-वचनांसह प्रश्न लिहून पाठवले होते. उत्तर आलं नाही, तिचा नंबर ब्लॉक झाला. तिच्या स्वतःच्या मंडळीच्या पाळकांनी मात्र तेच प्रश्न घेऊन तिच्याबरोबर दोन संध्याकाळी वाचन केलं आणि एका ठिकाणी 'यावर मला अजून विचार करावा लागेल' असं मोकळेपणाने सांगितलं. कुणाचं ऐकावं असं मला कुणी विचारलं तर मी असाच माणूस शोधायला सांगते, जो आपल्या शेजारी बसून शास्त्र उघडतो.

मुलाला अजूनही अधूनमधून फिट येते. औषध नियमित चालू आहे. त्याच्या बरं होण्यासाठी ती आजही रोज प्रार्थना करते, आणि दान किती, कुठे द्यायचं हे आता दोघं मिळून ठरवतात.