गृहकर्जासोबत बँक देतेय तो विमा घ्यावा, की टर्म (ठरावीक मुदतीचा साधा आयुर्विमा) आणि गंभीर आजाराची पॉलिसी वेगळी घ्यावी?

तुमच्या प्रश्नातली एक ओळ वाचून काळजी वाटली, म्हणून आधी तिच्याबद्दल. नवऱ्याला बीपीच्या गोळ्या चालू आहेत आणि बँकेतला माणूस म्हणाला, "ते फॉर्मवर लिहायची काही गरज नाही." गरज आहे. मी बरीच वर्षं आयुर्विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम केलं आहे. नाकारलेल्या क्लेमच्या फायलींत मला वारंवार दिसायचा तो हाच कागद: तब्येत उत्तम असल्याचं घोषणापत्र, सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर खूण, आणि खाली कर्जदाराची सही. बऱ्याचदा खुणांची शाई वेगळी, सहीची वेगळी. म्हणजे भरलं दुसऱ्यानेच. पण सही करणाऱ्याने ते वाचलंच नव्हतं, असं त्याच्या मागे राहिलेल्या बायकोने सांगून उपयोग होत नाही. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला ती कुठल्याही कारणाने आव्हान देता येत नाही. त्याआधी मात्र लपवलेली गोष्ट सापडली तर क्लेम अडकतो, आणि बीपीच्या गोळ्या दवाखान्याच्या केसपेपरवर असतातच. बीपी लिहिलंत तर प्रीमियम थोडा वाढेल, कदाचित वैद्यकीय तपासणी होईल. ती तपासणी आवर्जून होऊ द्या.

आता मूळ प्रश्न. तुमचं कर्ज ४० लाखांचं, २० वर्षांचं, व्याज ८.५ टक्के. दोघंही नोकरी करता, दोघंही सहकर्जदार. बँक १,२०,००० रुपयांचा एकरकमी प्रीमियम कर्जातच मिसळून देते आहे आणि त्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही असं सुचवते आहे. गृहकर्जासाठी विमा घेणं कायद्याने बंधनकारक नाही. "विमा सक्तीचा आहे हे मला मेलवर लिहून द्या" एवढंच म्हणा. सहसा तिथेच विषय संपतो.

त्या १,२०,००० चा हिशेब पाहा. ४० लाखांचा हप्ता साधारण ३४,७१३ रुपये बसतो. प्रीमियम कर्जात गेला की तो महिन्याला जवळपास १,०४० रुपयांनी वाढतो. वीस वर्षांत त्या १,२०,००० पोटी तुम्ही अंदाजे अडीच लाख भरता. शिवाय बँकेमार्फत मिळते ती बहुधा समूह पॉलिसी, म्हणजे अनेक कर्जदारांना मिळून एकच पॉलिसी असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, समूह पॉलिसीवर तो १८ टक्के आहेच.

या पॉलिसीतलं संरक्षण कर्जाबरोबर कमी होत जातं. दहा वर्षांनी तुमचं कर्ज साधारण २८ लाख उरेल, विमाही तेवढाच. पैसे आधी बँकेकडे जातात. घर मोकळं होतं हे खरं, पण किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलाची फी यांसाठी घरच्यांच्या हातात फारसं काही येत नाही. आणखी एक गोष्ट घेताना कोणी सांगत नाही. विमा किती कमी होत जाणार याचा तक्ता पहिल्या दिवशीच्या व्याजदरावर छापलेला असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा कितीतरी लोकांच्या कर्जाची मुदत वाढली. तक्ता मात्र तोच राहतो. तिथे कर्ज जास्त आणि विमा कमी अशी स्थिती होते. पुढे कर्ज दुसऱ्या बँकेत हलवायचं म्हटलं तर या पॉलिसीचं काय होणार, तो प्रश्न वेगळाच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोघांच्या नावावर साधी, स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्या. प्रीमियम परत मिळण्याची योजना नको, ती फार महाग पडते. रक्कम ठरवताना कर्जाबरोबर घरखर्चाची पुढची दहा-बारा वर्षं धरा आणि मुदत साठीपर्यंत ठेवा. नवऱ्याच्या सत्तर हजार पगाराला मी एक कोटीच्या खाली जाणार नाही. आणि तुमचे पंचेचाळीस हजार विसरू नका. बँका अनेकदा 'मुख्य' कर्जदाराचाच विमा काढतात. तुमचा पगार थांबला तर उरलेल्या सत्तर हजारांतला निम्मा हप्त्यात जाईल. किमान ६०–७५ लाखांचं संरक्षण तुमच्या नावावर हवंच.

नवऱ्याची पॉलिसी विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली काढायची का, हे अर्ज करतानाच ठरवावं लागतं. तशी काढली तर रक्कम तुमची आणि मुलांची ठरते, नवरा ज्यांचं देणं लागतो त्यांना तिला हात लावता येत नाही. तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे: या गृहकर्जाच्या सहकर्जदार तुम्ही स्वतःच आहात, त्यामुळे ते देणं तुमच्यावर राहतंच. तरीही पैसे आधी तुमच्या हातात येतात. कर्ज एकदम फेडायचं की हप्ते चालू ठेवायचे, हे तुम्ही ठरवता.

गंभीर आजाराबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलं आहे. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. माणूस गेला तर टर्मचे पैसे येतात. माणूस आजारी पडला तर पगार थांबतो आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातच राहतो. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो, हप्ता भरत नाही. गंभीर आजाराची पॉलिसी निदान झाल्यावर एकरकमी पैसे देते, ते कशावर खर्च करायचे हे तुमच्या हातात. रक्कम अशी काढा: तीन वर्षांचे हप्ते साडेबारा लाख, तीस हजारांच्या घरखर्चाने तीन वर्षांचे अकरा लाखांच्या आसपास. म्हणजे प्रत्येकी २५ लाख.

किती आजार धरलेत या आकड्याला भुलू नका. व्याख्या वाचा. एक उदाहरण देते. दोन माणसं, दोघांना स्टेंट बसवला. पहिल्याच्या छातीत चालताना दुखायचं, अँजिओग्राफीत ब्लॉकेज दिसलं, ठरवून अँजिओप्लास्टी झाली. त्याचा क्लेम नामंजूर झाला, कारण त्याच्या पॉलिसीत अँजिओप्लास्टी वगळली होती. दुसरा हार्ट अटॅक येऊन दाखल झाला. ईसीजीत बदल होते, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्यावर वाढणारं प्रथिन) वाढलेलं होतं. त्याला पैसे मिळाले, कारण तिथे क्लेम हार्ट अटॅकचा होता, स्टेंटचा नव्हता. म्हणूनच असं काही घडलं तर दाखल झाल्या दिवशीचे ईसीजी आणि रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवा. स्ट्रोकमध्ये शरीरावरचा परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून असावा लागतो, म्हणजे पैसे उशिराच येणार. तोवरच्या हप्त्यांसाठी सहा महिन्यांची रक्कम एफडीत बाजूला ठेवा. कॅन्सर अगदी सुरुवातीच्या, जागच्या जागी असलेल्या अवस्थेत सापडला तर साध्या पॉलिसीत तो धरत नाहीत. काही पॉलिसी अशा वेळी काही टक्के देतात, तशी मिळाली तर ती निवडा.

टर्मला जोडून गंभीर आजाराचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घ्यायचा असेल तर एकच प्रश्न नीट विचारा: आजाराचे पैसे दिले की ते मूळ विम्यातून वजा होणार का? 'अ‍ॅक्सिलरेटेड' म्हणतात तो प्रकार म्हणजे तेच. एक कोटीतले २५ लाख मिळाले की मागे ७५ उरतात, आणि कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला नवी टर्म मिळणं फार अवघड. वजा न होणारा रायडर किंवा वेगळी पॉलिसी घ्या. प्रीमियम किती वर्षं तोच राहील, हेही लेखी मागा.

घराचा ताबा दोन वर्षांनी आहे म्हणून थांबू नका. कर्जाचा पहिला टप्पा बिल्डरला गेला की देणं सुरू झालं. गंभीर आजाराच्या पॉलिसीत बहुधा पहिले ९० दिवस क्लेम चालत नाही, काहींत निदानानंतर ३० दिवस रुग्ण हयात असावा अशीही अट असते. बीपीमुळे तपासण्यांना वेळ लागेल. म्हणून या आठवड्यातच अर्ज भरा, स्वतः बसून भरा. पॉलिसी आली की तिच्यासोबत तुमच्या अर्जाची प्रत येते. त्यात बीपीच्या रकान्यात 'होय' आहे ना, औषधाचं नाव बरोबर आहे ना, ते तपासा. चूक दिसली तर लगेच मेल करून दुरुस्ती मागा. अटीच पटल्या नाहीत तर पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात.