चालू ट्यूब काढू नका, फुटली तर मात्र झाडू मारू नका

प्रश्न : आमचं छोटं वर्कशॉप आहे, शेडमध्ये चोकवाल्या जुन्या 40 वॉटच्या बारा-पंधरा ट्यूब आहेत. परवा स्टार्टर आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, पाऱ्यावर बंदी आलीय, ट्यूबलाइट बंद होणार, सगळ्या काढा आणि एलईडी लावा. खरंच काढायला लागतील काय, का नुसता माल खपवायलाय? आणि गेल्या आठवड्यात शिडी लागून एक फुटली, पोरानं झाडून कोंडाळ्यात टाकली, त्यानं काय होतंय काय?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : दुकानदार निम्मं खरं बोललाय बघा. मिनामाता करार म्हणून पाऱ्याबद्दलचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचं पारा असलेलं पाणी खाडीत गेलं, मासळीतून माणसांच्या पोटात गेलं आणि लोकं कायमची अपंग झाली, त्या गावाचंच नाव कराराला दिलंय. भारतानं तो 2018 मध्ये मंजूर केला. त्यात ठरलंय की 30 वॉटपर्यंतचे घरगुती सीएफएल (वळलेल्या नळीचे बल्ब) 2025 पर्यंत, आतून हॅलोफॉस्फेट नावाची पावडर लावलेल्या जुन्या ट्यूब 2026 पर्यंत आणि ट्रायफॉस्फर या नव्या पावडरीच्या 2027 पर्यंत बंद करायच्या. पण ही बंदी बनवण्यावर आणि आयात-निर्यातीवर आहे ओ, तुमच्या शेडमध्ये जळत असलेल्या ट्यूबवर नाही. कुणी येऊन काढा म्हणणार नाही. तरी एक सांगतो, 40 वॉटच्या ट्यूबवर तिचा चोक आणखी दहा-बारा वॉट खातोय, तिथं 20 ची एलईडी भागवते, मग एक-एक उडेल तशी बदलत जावा. बहुतेक एलईडी ट्यूबला चोक-स्टार्टर काढून डायरेक्ट कनेक्शन लागतं, ते वायरमनकडनं करून घ्या, स्वतः शिडीवर चढून प्रयोग नको.

आता फुटलेलीचं. सीएफएलमध्ये साधारण 3 ते 5 मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये त्याच्यापेक्षा जास्त. एका ट्यूबनं कुणी आजारी पडत नाही, घाबरू नका. पण झाडू मारायचा नाही, कारण आतली पांढरी पावडर उडते आणि बराचसा पारा त्या पावडरीत बसलेला असतो. फॅन बंद करायचा, दारं-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबायचं, मग जाड पुठ्ठ्यानं काचा गोळा करायच्या, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचलायचा, ओल्या कागदानं पुसायचं आणि सगळं झाकणाच्या बरणीत. व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको.

कोंडाळ्यात टाकायचं नाही, घनकचरा नियमात हा वेगळा द्यायचा कचरा धरलाय. भंगारवाला अॅल्युमिनियमच्या टोप्यांसाठी ट्यूब फोडतो, त्याला तर नकोच. तुमच्याकडं बारा-पंधरा निघणार, त्या नव्या ट्यूबच्या खोक्यात आडव्या घालून ठेवा आणि ई-कचऱ्याच्या अधिकृत रिसायकलरकडं एकदमच द्या. गणपतीत मंडळाच्या डेकोरेशनच्या उरलेल्या पण त्यातच घाला, मांडवामागं उभ्या टेकवून ठेवल्या की पोरं फोडणारच.