फँटसी रोलप्लेइंग गेमसाठी पुराणकथा आणि लोककथांची पुस्तकं कशी वापरावीत?

कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी खेळाची सलग कथा, लिहायचं म्हणून तुम्ही पुराणकथा आणि लोककथांची पुस्तकं वाचताय, पण त्यांतून नावं आणि राक्षसांपलीकडे हाती काही लागत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं डीएमच्या (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याच्या) खुर्चीत बसतोय आणि माझी बहुतेक कॅम्पेनं अशाच पुस्तकांतून निघालीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राक्षस उचलू नका, अट उचला. वर, शाप, प्रतिज्ञा, 'मागे वळून बघायचं नाही' अशी ताकीद, हे सगळं आयतं खेळाच्या नियमासारखं वागतं. हिरण्यकशिपूचा वरच बघा. घरात नाही, बाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. माणसाच्या हातून नाही, पशूच्या हातून नाही. अशा खलनायकापुढे फासे टाकून काही होत नाही. पण वराचे नेमके शब्द खेळाडूंच्या हाती पडले, की ते त्यातल्या फटी शोधायला लागतात आणि तो वाद कुठल्याही लढाईपेक्षा जास्त रंगतो. नरसिंहाला आणूच नका. उंबरठा आणि तिन्हीसांज त्यांची त्यांना सापडू देत.

सोमदेवाच्या ११व्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ परत झाडावर. त्यातली मंदारवतीची गोष्ट मी जशीच्या तशी टेबलावर ठेवतो. ती मरते, तिच्यावर जीव असलेल्या तिघांपैकी एक तिची राख जपत स्मशानात राहतो, एक अस्थी गंगेला नेतो, एक भटकून संजीवनीचा मंत्र आणतो. ती उठते. मग नवरा कोण? राजाचं उत्तर असं, की जीव देणारा बाप, अस्थी नेणारा मुलगा, राखेपाशी राहिलेला नवरा. तुमचे खेळाडू हे मान्य करणार नाहीत, आणि तेच हवंय. फक्त ज्याच्या कॅरेक्टरच्या खांद्यावर प्रेत आहे त्या खेळाडूने वादात तोंड उघडलं की वाट पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी मला फार प्रिय असलेली गोष्ट रशियातली आहे. अफानास्येव यांनी १८५५ ते १८६३ या काळात छापलेल्या संग्रहात कोश्चेई नावाचा अमर म्हातारा आहे. त्याचं मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत आणि पेटी उंच ओकवर. डीएम लोक इथवरचं घेतात आणि थांबतात. खरा ऐवज पुढे आहे: नायकाने वाटेत जीवदान दिलेलं अस्वल येऊन झाड उपटतं, दुसरा ससा त्या सशाला गाठतो, समुद्रात पडलेलं अंडं मासा आणून देतो. म्हणजे सुरुवातीच्या सेशनमध्ये कुणाला सोडलं, कुणाला मारलं, ते वहीत लिहून ठेवा. शेवटी त्याचा हिशेब होऊ द्या.

राक्षसच हवे असतील तर मॉन्स्टरच्या यादीतून न घेता कथेतून घ्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग गेमच्या १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, पण तिथे तो मारायचा एक प्राणी आहे. रामायणात बिभीषण भावाला सोडून जातो, कुंभकर्ण भाऊ चुकतोय हे कळूनही त्याच्यासाठी लढतो, मारीच मरण दिसत असताना हरीण होतो. नावं बदला, एका दरबाराचे तीन एनपीसी (डीएमने चालवायची पात्रं) तयार. ज्या देवांची आजही पूजा होते त्यांना लढाईत उतरवण्याआधी मात्र टेबलावरच्या सगळ्यांना विचारा.

कोणती पुस्तकं? बालआवृत्त्या आणि चित्रमय कोश मी टाळतो, कारण त्यांत अटीच आधी गाळल्या जातात. मूळ संग्रहाच्या जवळचं भाषांतर घ्या. शिवाय स्टिथ थॉम्प्सन यांची सहा खंडांची लोककथांतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या कल्पनाघटकांची (मोटिफ) सूची आहे, पहिली आवृत्ती १९३२ ते १९३६ मधली. तिच्यात 'सी' विभाग निषेधांचा, 'एच' परीक्षांचा, आणि 'एम'मध्ये प्रतिज्ञा, करार, भविष्यवाणी, शाप. मी या तिन्हींतून एकेक नोंद काढतो आणि त्या एकाच गावाला लावतो: तिथे काय करायचं नाही, तिथे शिरायला कोणती कसोटी, आणि तिथल्या कुणी कोणता शब्द दिलाय. पहिल्या सेशनला तेवढं पुरतं. नकाशा नंतर काढा.