मोबाईलवर जास्त बोलल्याने लाळग्रंथींवर परिणाम होतो का?

तुम्ही विचारलंय की दिवसभर फोनवर बोलून कानापुढचा भाग गरम होतो, तोंड कोरडं पडतं, तर लाळग्रंथी खराब होतायत का. मी दातांचा डॉक्टर आहे, पेशंटही हे बरेचदा विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोन आपण धरतो बरोबर तिथेच, कानाच्या पुढे आणि खाली, पॅरोटिड ही सगळ्यात मोठी लाळग्रंथी असते, गालगुंड झाल्यावर सुजते ना तीच. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतून जीभ फिरवून बघा, बारीकसा उंचवटा लागेल, तिची नळी तिथे उघडते. त्यामुळे शंका येणं साहजिक आहे.

पण गरम होतं ते मुख्यतः फोन स्वतः तापल्यामुळे आणि तो गालाला चिकटून राहिल्यामुळे. फोनच्या लहरींनी होणारी ऊब फारच किरकोळ, आणि या लहरी काही एक्स-रेसारख्या डीएनए तोडणाऱ्या नाहीत. लाळेवर छोटे छोटे अभ्यास झालेत, त्यातल्या काहींत तर फोन धरायच्या बाजूची लाळ उलट जरा जास्तच भरली. त्यामुळे कोरड्या तोंडाचं खापर फोनवर फोडण्याआधी पाणी किती पिता, तोंडाने श्वास घेता का, आणि ॲलर्जी, बीपी किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का ते बघा, माझ्या मते तुमचं उत्तर तिथेच सापडेल.

आता लोकांना खरी भीती असते ती गाठीची. ही भीती पसरली २००८ च्या इस्रायलमधल्या अभ्यासावरून, त्यात पॅरोटिडची गाठ झालेले ४६० पेशंट होते. एकूणात धोका वाढलेला दिसला नाही, पण खूप जास्त बोलणाऱ्यांत फोनच्याच बाजूला गाठीचं प्रमाण साधारण दीडपट निघालं आणि बातम्यांत फक्त तेवढंच आलं. यात गोची अशी की गाठ झालेल्या माणसाला विचारलं की फोन कुठल्या कानाला लावायचात, तर तो नकळत गाठीचीच बाजू सांगतो. स्वीडन-डेन्मार्कच्या अभ्यासात असं काही सापडलं नव्हतं, आणि २०२४ मध्ये डब्ल्यूएचओने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यातही लाळग्रंथीच्या गाठींशी संबंध दिसला नाही. २०११ मध्ये मोबाईलच्या लहरी 'कदाचित कॅन्सरकारक' यादीत टाकल्या हे खरंय, पण ते मेंदूच्या आणि कानाच्या नसेच्या गाठींवरून.

तरी मन मानत नसेल तर इअरफोन लावा नाहीतर स्पीकरवर बोला, आणि रेंज कमी असेल तिथे लांबलचक गप्पा टाळा, कारण तेव्हा फोन जास्त पॉवरने सिग्नल पाठवतो.

फक्त कानापुढे न दुखणारी गाठ हाताला लागली, हळूहळू वाढत असेल, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली तर लगेच ईएनटीला दाखवा, चेहऱ्याची नस त्याच ग्रंथीतून जाते. बहुतेक गाठी साध्या निघतात पण सोनोग्राफी आणि सुईची तपासणी केल्याशिवाय कळत नाही. आणि जेवताना सूज येऊन नंतर उतरत असेल तर बहुधा नळीत खडा असतो, त्याचा मोबाईलशी काही संबंध नाही.