गोल्फमध्ये पटर (चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) पोटाला टेकवून मारायला बंदी आल्याने स्कोअर खरंच बिघडतो का?

बिघडतो, पण सगळ्यांचा नाही. ज्यांचा हात छोट्या पटवर, म्हणजे होलजवळून मारायच्या हलक्या फटक्यावर थरथरतो, त्यांनाच या बंदीचा खरा फटका बसतो. पटरचं वरचं टोक पोटात किंवा छातीवर रोवलं की ते बिजागरीसारखं एका जागी राहतं, पटर लंबकासारखा झुलतो आणि मनगटाला ऐनवेळी झटका द्यायला वावच उरत नाही. चार फुटांवरून मारलेला चेंडू होलच्या कडेला घासून बाहेर पडतो ना, तो पुष्कळदा या झटक्यामुळेच. कीगन ब्रॅडली (२०११ ची पीजीए चॅम्पियनशिप), वेब सिम्पसन आणि एर्नी एल्स असे पटर टेकवून मारणारे एकापाठोपाठ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, जिंकू लागले, तेव्हा नियमकर्त्यांना जाग आली. बंदी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्यांचं म्हणणं मात्र स्कोअरबद्दल नव्हतंच. दोन्ही हातांनी मोकळा घुमवलेला स्ट्रोक हाच खरा, एवढाच मुद्दा.

एक लक्षात घ्या, बंदी टेकवण्यावर आहे, लांब पटरवर नाही. शरीरापासून सुटा धरून तो आजही चालतो. दांडा कोपराखालच्या हाताला चिकटवलेलाही चालतो. सिम्पसनने २०१८ ची प्लेयर्स चॅम्पियनशिप तसंच खेळून जिंकली. मात्र हात छातीवर दाबून धरलात, तर स्ट्रोक प्लेमध्ये (जिथे एकूण फटके मोजतात) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (जिथे एकेक होल जिंकायचं असतं) ते होलच गेलं.