डी 9 आलंय ते नंतर, आधी ती नडगी दाखव

तुझं सगळं नीट वाचलं. वय 21, साताऱ्यात रूम करून पोलीस भरतीची तयारी, पहाटे ग्राउंड, मग दिवसभर अभ्यासिका, महिनाभर डाव्या नडगीत दुखतंय, रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी 9 आलंय, म्हणजे खूपच कमी, आणि रूमवरच्या पोरी म्हणतायत डीचं सहा लाख युनिटचं इंजेक्शन मार न् पळायला लाग. मी इथंच मेडिकल चालवते, भरतीची पोरंपोरी रोज काउंटरला असतात त्यामुळं जे बघत आलेय ते सांगते, पण डॉक्टर नाही मी हे लक्षात ठेव.

पहिलं म्हणजे नडगी. नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर ठणकतंय आणि वॉर्मअप झाल्यावर जरा कमी होतंय तर ते बहुतेक साधं शिन पेन असतं. पण हाडावर एकाच जागी बोट दाबलं की जीव जातोय, पळताना वाढत जातंय, रात्री झोपल्यावरपण दुखतंय, तर स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सारखं पळून ताणानं हाडाला पडलेली बारीक चीर, आहे का ते बघावं लागतं. आणि एक्सरे नॉर्मल आला म्हणून खूश होऊ नकोस गं, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत ती बारीक चीर बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून हाडाच्या डॉक्टरला दाखवेपर्यंत पळणं पूर्ण बंद. 800 मीटरचा टायमिंग जाईल म्हणून त्याच पायावर यवतेश्वरचा घाट चढलीस तर आत्ता काही आठवडे जाणार होते तिथं अख्खी भरती जाईल.

आता डी. तू विचारलंयस की रोज ग्राउंडवर असते मग कमी कसं. अगं ग्राउंडवर कधी असतेस, साडेपाच ते सात. त्या वेळच्या तिरप्या उन्हात डी तयार करणारे किरण जवळजवळ नसतातच, कोवळं ऊन चांगलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय पण डी साठी ते कामाचं नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, म्हणजे साधारण अकरा ते दोन, आणि तेव्हा तू अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली. बाहेर पडलीस तरी सनकोट, स्कार्फ, हातमोजे, डोळे सोडून सगळं झाकलेलं 😄 खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनपण चालत नाही, काच ते किरण अडवते. जेवायच्या सुट्टीत हातपाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं गच्चीवर बस, सावळ्या कातडीला जरा जास्त वेळ लागतो. अर्थात 9 वरून नुसत्या उन्हानं लवकर वर येणार नाही, औषध लागणारच.

इंजेक्शनची घाई नको, पोट ठीक असेल तर तोंडानं घेतलेलं चांगलं लागू पडतं. साधारणपणे डॉक्टर 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात आणि मग पुढचं ठरवतात. दुधातून किंवा पोटभर जेवणानंतर घे, कारण ते स्निग्ध पदार्थाबरोबर अंगात शोषलं जातं. आणि हात जोडून सांगते, आठवड्याची पुडी रोज घेऊ नकोस. असे लोक खरंच येतात, लवकर वाढावं म्हणून सलग संपवलेल्या असतात आणि मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, रक्तात कॅल्शियम वाढून किडनीपर्यंत प्रकरण जातं. एकदम मोठा डोस म्हणजे जास्त फायदा असंही नाही, ऑस्ट्रेलियात वयस्कर बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट देऊन बघितलं होतं, 2010 ला निकाल आला, फ्रॅक्चर कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले.

डीचं काम कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करायचं, पण मुळात पोटात कॅल्शियम गेलं तर पाहिजे की. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या हिशोबानं मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. मेसचा डबा बघ, चपाती, बटाटा, भात, पातळ आमटी, यात कितीसं येणार. मोठा ग्लासभर दुधात 300 च्या आसपास, 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास. दूध, दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, शेवग्याचा पाला, तीळ-कारळ्याची चटणी, एवढ्यावर निघतं. पालकावर भिस्त ठेवू नको, त्यातलं कॅल्शियम पालकातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळं फारसं अंगी लागत नाही. पानाचा चुना खा असं व्हॉट्सॲपवर फिरतंय त्याच्या नादाला तर लागूच नको. डॉक्टरनी कॅल्शियमची गोळी दिलीच तर एका वेळी 500 मिलिग्रॅमच्या वर नाही, कार्बोनेटवाली असेल तर जेवणाबरोबर, आणि रक्तवाढीची गोळी चालू असेल तर दोन्हीत काही तासांचं अंतर.

आता जे तू लिहिलं नाहीस ते विचारते. पाळी वेळेवर येतेय का? भरतीच्या बऱ्याच पोरी वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण सोडतात, वर दोन टाइम ग्राउंड, मग पाळी लांबते, कधी तीन-चार महिने येतच नाही आणि वर म्हणतात बरंय कटकट गेली. ही कटकट नाही बाई. खाणं व्यायामाला पुरत नसेल तर शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन हे हाड जपणारं हार्मोन खाली येतं आणि हाड झिजायला लागतं, ते पण अशा वयात जेव्हा हाडात भर पडायची शेवटची काही वर्षं राहिलेली असतात, कारण तिशीच्या आसपास ही भर थांबतेच. मग तू कितीही पुड्या घे, नडगी पुन्हा दुखणार. अमेरिकन नेव्हीच्या महिला रिक्रूटना कॅल्शियम आणि डी देऊन बघितलं होतं, 2008 चा अभ्यास, स्ट्रेस फ्रॅक्चर साधारण 20 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे फायदा आहे, पण बाकीचे तसेच राहिले ना.

त्यामुळं डॉक्टरकडं जाशील तेव्हा पाळीचं आणि जेवणाचं स्वतःहून सांग, हाडाचे डॉक्टर विचारतीलच असं नाही. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज या रक्ताच्या टेस्ट करायच्या का तेही विचार. डी परत चेक करायचं ते तीन महिन्यांनी, दर पंधरा दिवसांनी लॅबला पैसे घालू नको. तोवर गोळाफेक बसून कर, डॉक्टर हो म्हणाले तर पोहायला जा, आणि रात्रीचं जेवण आजपासून चालू.